२००७ ची केमन एस की २०२२ ची जीआर ८६?

वळणवेडी

मंडळी, दोन गाड्या समोर आहेत आणि दोन्हींना लागणारे पैसे जवळजवळ सारखेच. एक २००७ ची पोर्शे केमन एस, दुसरी २०२२ ची टोयोटा जीआर ८६. दोन्ही सहा गिअरच्या, दोन्ही क्लचवाल्या. घरात रोजच्या कामाची वेगळी गाडी आहे, त्यामुळे सामान, पाहुणे, पार्किंग हा विषय बाजूला ठेवा. ही गाडी निव्वळ चालवण्यासाठी हवी आहे. सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना डोंगराकडे जायचं, मनासारखी वळणं घ्यायची आणि वर्दळ सुरू व्हायच्या आत घरी यायचं. लेकीला नुकतंच लायसन्स मिळालंय. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी कशी वागते हे तिने याच गाडीवर शिकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी जे वाचलंय ते आधीच लिहिते, म्हणजे चर्चा पहिल्या पायरीपासून सुरू करायला नको. केमन एसचं इंजिन ३.४ लिटर, सहा सिलिंडर, ताकद २९५ पीएस (म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), टॉर्क ३४० न्यूटन-मीटर. गाडीचं वजन १३४० किलो. इंजिन सीटच्या पाठीमागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. जीआर ८६ मध्ये २.४ लिटर, चार सिलिंडर, साधारण २३५ पीएस, २५० न्यूटन-मीटर आणि वजन १२७० किलोच्या आसपास. तिचं इंजिन पुढे. पण दोन्ही इंजिनं बॉक्सर आहेत, म्हणजे सिलिंडर आडवे पहुडलेले, त्यामुळे दोन्ही गाड्यांचं वजन जमिनीलगत राहतं. टर्बो दोघींनाही नाही. म्हणूनच "जुनी गाडी जिवंत, नवी गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक" ही नेहमीची वाटणी मला इथे पटत नाही. जीआर ८६ ची पाककृती जुनीच आहे, फक्त बनवलीय आत्ता.

मग खरा फरक कुठे आहे? हे मला अशा लोकांकडून ऐकायचंय ज्यांनी यातली एखादी गाडी बराच काळ चालवली आहे किंवा खोलली आहे. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सांगू नका, ते कुठेही छापलेलं मिळतं. तेल बदलणं, ब्रेक पॅड, प्लग एवढं मी स्वतः करते आणि मला ते आवडतं. त्यापुढचं काम गॅरेजकडेच जाईल.

तेलकट हात

ताई, प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं काम गाड्या उघडण्याचं आहे आणि जीव केमनवर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल ठाऊक असेल.

२००७ ची केमन एस म्हणजे एम९७ इंजिन. या इंजिनाची दोन दुखणी जगजाहीर आहेत. पहिलं, सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडणं. याचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि सिलिंडरच्या आत लोखंडी स्लीव्ह नाही. भिंतीत सिलिकॉनचे कठीण कण असतात आणि पिस्टन त्यांवर चालतो. पिस्टनच्या कडेवरचा लेप झिजला की अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम घासायला लागतं, आणि एकदा रेघा पडल्या की त्या वाढतच जातात. तेल जास्त खाणं आणि थंड इंजिनावर टकटक हे याचे इशारे आहेत, पण ते उशिरा कळतात. त्यामुळे बोअरस्कोप (बारीक नळीवरचा कॅमेरा) घालून पाहिल्याशिवाय या गाडीचा विचारच करू नका. आणि तोही नुसता प्लगच्या भोकातून नको. ओरखडे बहुधा सिलिंडरच्या खालच्या टोकाकडून सुरू होतात. वरून बघितलं तर सगळं गुळगुळीत दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ऑइल पॅन काढून खालून बघितलं पाहिजे. काम थोडं वाढतं, पण अख्ख्या इंजिनाच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

दुसरं दुखणं इंटरमिजिएट शाफ्टच्या, म्हणजे क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टच्या साखळ्यांना गती देणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगचं. त्याचा गाजावाजा जास्त आहे, पण तो मुख्यतः आधीच्या इंजिनांमुळे. तिथलं बेअरिंग लहान होतं. २००६ पासूनच्या एम९७ मध्ये ते मोठं केलं, आणि ते फुटण्याचं प्रमाण आधीच्या मानाने बरंच कमी आहे. अडचण अशी की हे मोठं बेअरिंग ब्लॉकचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी तेल बदलताना फिल्टर कापून कागद उलगडून बघायचा, धातूचे चमकते कण दिसतात का ते. क्लचचं काम निघालं की बेअरिंगचं बाहेरचं सील काढून टाकायचं, म्हणजे इंजिनाचं तेल त्याला सतत मिळत राहतं. बरेच जाणकार हे करतात आणि मला ते योग्य वाटतं.

बाकी वयाची दुखणी. पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत पानं आणि माती साचते, ती ओली राहते आणि एसीचे कंडेन्सर, रेडिएटर कुजतात. टॉर्च लावून आत बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कूलंटच्या टाकीला तडा, इग्निशन कॉइलच्या प्लास्टिकला तडा, वॉटर पंप, एअर-ऑइल सेपरेटर गेला की सुरू करताना सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट, सस्पेन्शनच्या आर्मचे आणि बुशांचे आवाज. यातलं काहीच भयंकर नाही, पण सगळं एकाच वर्षात येऊ शकतं. शिवाय या गाडीला इंजिनाचं बॉनेट नाही. सीटच्या मागचा गालिचा आणि झाकण काढून वरून थोडंसं दिसतं, उरलेलं सगळं खालून. तुम्हाला स्वतः काम करायला आवडतं म्हणालात, म्हणून सांगतो, लिफ्ट नसेल तर या गाडीवर हात चालवायला फार कमी जागा आहे.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी नक्की करून घ्या. इंजिनाच्या संगणकात दोन नोंदी असतात. इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, आणि इंजिन एकूण किती तास चाललं. मीटरवरचे किलोमीटर भागिले हे तास केले की गाडीचा सरासरी वेग मिळतो. तो आकडा रस्त्यावरच्या रोजच्या वापराला न शोभण्याइतका खाली आला, तर मीटरवर कोणाचा तरी हात फिरलाय असं समजा. कमी चाललेली म्हणजे चांगली, हेही डोक्यातून काढा. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाडीची सीलं सुकतात. नियमित चाललेली, तेल वेळेवर बदललेली, पावत्या जपलेली गाडी मी केव्हाही आधी घेईन.

हे सगळं तपासून गाडी निर्मळ निघाली, तर किमतीचा पाव हिस्सा वेगळा काढून ठेवा आणि मगच चावी हातात घ्या. तेवढा हिस्सा निघत नसेल तर जीआर ८६ घ्या.

तिसरा गिअर

मी जीआर ८६ चालवतो, त्याआधी तिचीच आधीची पिढी, जीटी ८६, होती. केमन एस माझ्या भावाकडे होती, तीही भरपूर चालवली आहे.

तुम्ही विचारलंत फरक कुठे आहे. माझ्या मते तो टायरमध्ये आहे. केमन एसला १८ इंची चाकांवर पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात. जीआर ८६ ला चारही चाकांना २१५. त्यात केमनचं वजन मधोमध. परिणाम असा की ज्या वेगाने केमन वळणात जेमतेम जागी होते, त्या वेगाला जीआर ८६ तुमच्याशी बोलायला लागलेली असते. पुढचे टायर किती पकड देतायत, अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला तर नाक कसं आत येतं, दाबला तर मागची बाजू कशी बसते, हे सगळं शहाण्या वेगात कळतं. केमनची हद्द फार वर आहे. सार्वजनिक रस्त्यावर तिथवर जाऊच नये, आणि खाली राहिलं तर ती नुसती सराईतपणे वळण पार करून देते.

गिअरचंही तेच. केमन एस दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत ओढली तर शंभरच्या बरीच पुढे जाते. म्हणजे डोंगरातल्या रस्त्यावर दुसरा गिअर पूर्ण वापरणंही कठीण. जीआर ८६ मध्ये दुसरा गिअर शंभरच्या आत संपतो, त्यामुळे इंजिन वरपर्यंत फिरवायचं, तिसरा टाकायचा, टाच-चवडा (एकाच पायाने ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटरही टोचणं) साधून परत दुसऱ्यावर यायचं, हा सगळा खेळ कायद्यात राहून खेळता येतो. २१५ चे टायर आणि जवळजवळचे गिअर, गाडीचा सगळा आनंद या दोन गोष्टींत आहे.

जुन्या जीटी ८६ शी गल्लत मात्र करू नका. तिच्या २ लिटरच्या इंजिनात २०५ न्यूटन-मीटर होते आणि चार हजार आरपीएमच्या आसपास एक खड्डा जाणवायचा, ऐन वळणातून बाहेर पडताना. २.४ मध्ये २५० न्यूटन-मीटर ३७०० आरपीएमलाच मिळतात आणि तो खड्डा गेला. टॉर्सन डिफरन्शियल आहे, म्हणजे मागचं एक चाक घसरायला लागलं तर ताकद दुसऱ्याकडे जास्त जाते. २००७ च्या केमनमध्ये मागचं डिफरन्शियल उघडं आहे, म्हणजे त्यात ही सोय नाही, हे बरेच जण विसरतात.

उणिवाही सांगतो. आवाज गोड नाही, आणि केबिनमध्ये जो ऐकू येतो त्यात स्पीकरमधून मिसळलेला भाग आहे, मला तो आवडत नाही. खडबडीत रस्त्यावर टायरचा घरघराट खूप. मागची सीट लहान मुलं किंवा बॅगांपुरतीच. थंडीत पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर अडखळतो, त्याला घाई करू नये. आणि इंजिनाला केमनच्या सहा सिलिंडरसारखं गळ्यातून गाणं येत नाही. ते नाहीच.

लेकीसाठी तर मी दुसरा विचारही करणार नाही. क्लच हलका, खिडक्यांच्या कडा खाली, पुढचे मडगार्ड सीटवरून दिसतात त्यामुळे गाडी कुठे संपते याचा अंदाज पटकन येतो. स्टॅबिलिटी कंट्रोल टप्प्याटप्प्याने सैल करता येतं. मोकळ्या, सुरक्षित मैदानावर, ओल्या जमिनीवर मागची बाजू सरकते तेव्हा हात काय करतात हे ती पंचवीस-तीसच्या वेगात शिकेल.

हायड्रॉलिक

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट कोणी लिहिलीच नाही. स्टिअरिंग.

२००७ च्या केमनचं पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. पोर्शेनेही केमनच्या पुढच्या पिढीत, २०१३ मध्ये, इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणलं. जीआर ८६ चं इलेक्ट्रिक आहे. ते अचूक आहे, वेगवान आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण रस्त्याचा पोत, डांबर जिथे बदलतं ती रेघ, पुढच्या टायरची पकड सुटण्याच्या आधी हलकं होत जाणारं चाक, हे हायड्रॉलिकमध्ये तळहातांना जसं कळतं तसं इलेक्ट्रिकमध्ये क्वचितच कळतं. आणि हे चाळीसच्या वेगालाही कळतं! तिसरा गिअर यांचा मुद्दा की केमन कमी वेगात झोपलेली असते, तो कमरेला खरा असेल, हातांना नाही.

माझं म्हणणं, एम९७ ची काळजीच नको असेल तर २००९ नंतरची केमन शोधा. त्यातलं इंजिन नवं होतं, इंटरमिजिएट शाफ्टच नाही, म्हणजे ते बेअरिंगही नाही. साधी २.९ लिटरची घ्या, २६५ पीएस पुरेसे आहेत. ती एससारखी डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साठण्याची कटकटही कमी. आणि स्टिअरिंग तेच, हायड्रॉलिक. अशा गाड्या आता फारशा बनत नाहीत. जीआर ८६ पाच वर्षांनीही मिळेल, धडधाकट हायड्रॉलिक केमन तोवर आणखी कमी झालेल्या असतील.

तेलकट हात

२.९ बद्दल पूर्ण सहमत. मिळाली तर डोळे झाकून नाही, पण निम्म्या काळजीने घ्या.

वळणवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. या प्रतिसादांनंतर दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकामागोमाग एक चालवून आले. लेक सोबत होती.

हायड्रॉलिक, तुमचं बरोबर आहे आणि ते मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. केमनचं स्टिअरिंग हातात घेतल्यावर पहिल्या दोन वळणांतच कळलं तुम्ही काय म्हणताय ते. रस्त्याला एका ठिकाणी पाणी वाहून बारीक खडी आली होती. ती चाकांखाली आली त्या क्षणी बोटांना कळली. जीआर ८६ मध्ये तीच खडी कानांना कळली. इंजिन साडेचार हजारांच्या वर गेलं की पाठीमागून जो आवाज येतो, त्यासाठी ही गाडी घ्यावी असं एक क्षण वाटलं. लेकही गप्प होऊन ऐकत होती.

पण तिसरा गिअर यांनी लिहिलेलंही शब्दशः अनुभवाला आलं. केमनमध्ये मी जवळजवळ पूर्ण रस्ता दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या खालच्या निम्म्यात होते. इंजिन सतत आणखी मागत होतं आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागत होतं. बाजूला नुकती शिकलेली मुलगी बसली आहे, समोर न दिसणारं वळण आहे, तिथे मी नाहीच म्हणणार. जीआर ८६ मध्ये त्याच रस्त्यावर मी दुसरा गिअर शेवटपर्यंत वापरला, वळणाआधी एकदा खाली आले, अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला तर नाक आत येताना जाणवलं, आणि मीटरवरचा आकडा कुठेही मला लाज वाटेल असा नव्हता. परतताना लेकीने चालवली. पहिल्यांदा टाच-चवडा करायचा प्रयत्न केला, जमला नाही, मग पुन्हा केला. केमनमध्ये ती सावकाश चालवत होती, जणू दुसऱ्याची वस्तू हातात आहे अशी.

केमनच्या मालकाशी तपासणीबद्दल बोलले. प्लगमधून बघायला तो तयार आहे, ऑइल पॅन काढू द्यायला नाही. गाडी त्याची आहे, त्याचा निर्णय मला समजतो, पण तेलकट हात यांनी लिहिलेलं वाचल्यावर अर्ध्या तपासणीवर मी एवढे पैसे लावणार नाही. २.९ शोधली. माझ्या आवाक्यात जी आहे ती ऑटोमॅटिक आहे.

म्हणजे जीआर ८६. आणि हे नाइलाजाने म्हणत नाहीये. समजा तो मालक पॅन काढू देतो म्हणाला असता आणि आत सगळं स्वच्छ निघालं असतं, तरी मी याच बाजूला झुकले असते, कारण माझ्या रस्त्यांवर, माझ्या वेगात, मला गाडीकडून जे हवंय ते या गाडीत जास्त वेळ मिळतं. स्टिअरिंगचा तोटा मोठा आहे, तो मी पत्करतेय.

आता तेलकट हात, एक विनंती. ही गाडी घेण्याआधी काय बघू?

तेलकट हात

योग्य निवड केलीत ताई, माझा जीव कुठेही असला तरी.

या २.४ इंजिनात काही गाड्यांमध्ये एक गोष्ट आढळली आहे. जोडकामात सीलंट (सांधे बंद करणारा चिकट लेप) जास्त लावलं गेलं की त्याचे तुकडे सुटून ऑइल पिकअपच्या, म्हणजे तेल ओढून घेणाऱ्या नळीच्या, जाळीत अडकतात. रस्त्यावरच्या वापरात घाबरून जाण्यासारखं नाही, पण ट्रॅकवर सतत पळवलेल्या गाडीत तेलाचा दाब आधीच लांब उजव्या वळणांत खाली येतो, त्यात जाळी अर्धी भरलेली असेल तर इंजिनाला धोका. म्हणून मालकाला सरळ विचारा, ट्रॅकवर नेली होती का. ब्रेक डिस्कच्या कडा, पॅडचा रंग आणि टायरच्या बाहेरच्या खांद्यावरची झीज उत्तर खरं की खोटं ते सांगेल. वॉरंटी शिल्लक असेल तर ती कोणत्या कारणाने रद्द होते तेही वाचून घ्या.

डिपस्टिक स्वतः काढून बघा. कम्प्रेशन १२.५ ला १ आहे, त्यामुळे पेट्रोल पुस्तकात लिहिलेल्या ऑक्टेनचंच भरा, त्यात काटकसर नको. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा आणि दुसरा गिअर तेव्हाच टाकून बघा. अडखळला तर चालेल, पण गरम झाल्यावरही दात घासल्यासारखा आवाज आला तर सिंक्रो (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणारी कडी) झिजलाय. प्लग बदलायला जाल तेव्हा एक अडचण येईल. बॉक्सर इंजिनात प्लग बाजूला असतात आणि चासिसच्या कडेला हात जेमतेम पुरतो. आधी बॅटरी आणि एअर बॉक्स काढा, मग सोपं जातं.

तेल आणि फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदला, जुनं कधी बदललं असं कोणी काहीही सांगो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेलही तेव्हाच. ब्रेक फ्लुइड नवं घाला. अलाइनमेंट एकदा नीट करून घ्या. आणि टायर संपले की कोणीतरी २४५ चे सुचवेलच. घेऊ नका. २१५ च ठेवा.